अर्धवटराव आणि आमची आजी

कान तपासणाऱ्या बाईंनी तोंडासमोर कागद धरला आणि मी एकदम अडखळले. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यातली ती छोटी बंद खोली, माझ्या कानांवर हेडफोन, काचेपलीकडे त्या. "मी शब्द म्हणते, तुम्ही मागोमाग म्हणा." पहिले काही शब्द मी भराभर म्हणून टाकले. मग त्यांनी कागद उचलून तोंडाआड धरला. आवाज तेवढाच होता, पण आलेला शब्द 'पान' होता की 'तान', ते मला सांगता येईना. बाहेर आल्यावर त्या समजावून म्हणाल्या, "ओठ बघायची सवय लागते हो, माणसाच्या लक्षातही येत नाही. कान थोडा कमी झाला की डोळे कामाला लागतात."

पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात कानाचा विचार नव्हता. अर्धवटराव होते.

तिवंधा चौकाजवळच्या आमच्या वाड्यात टीव्ही होता तो काळा-पांढरा, लाकडी शटरचा. एरियल वाऱ्याने फिरलं की पडद्यावर मुंग्या येत आणि कुणाला तरी कौलांवर चढावं लागे. मुंबई दूरदर्शनवर मुलांचा 'किलबिल' लागो नाहीतर आणखी काही, शब्दभ्रमकार रामदास पाध्ये आणि त्यांच्या बोलक्या बाहुल्या दिसल्या की वाड्यातली सगळी पोरं आमच्या ओटीवर. त्यातल्या अर्धवटराव आणि आवडाबाई या बाहुल्या तर आमच्या लाडक्या. ज्यांनी पाहिलंय त्यांच्या कानात तो आवाज आत्ताही सुरू झाला असेल.

आम्ही सगळे पाध्यांचे ओठ बघायचो. हलतात का, जरा तरी हलतात का. माझा आतेभाऊ तर टीव्हीच्या काचेला नाक लावून बसायचा. आजी मात्र मागे, दाराशी, पाटावर. तिला बऱ्याच वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. मोठा आवाज पोचायचा, शब्द पोचत नसत. ती माणसांचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनेच शिकून घेतलं होतं, चाळिशी उलटल्यावर, सुनांच्या आणि जावांच्या तोंडाकडे बघत बघत.

आणि ती आमच्याआधी हसायची.

हे मला तेव्हाही नवल वाटायचं. बाकी कुठल्याही कार्यक्रमाला आजी आमच्यानंतर हसायची. आम्ही हसलो की आमच्याकडे बघून मान डोलवत, सोबत म्हणून हसायची. अर्धवटरावांच्या वेळी मात्र विनोद पुरा व्हायच्या आत तिचा पदर तोंडाला लागलेला असे. आत्या म्हणायची, "आईला कळतंय काय? उगाच हसते." मला ते वाक्य फार लागायचं, आणि आजही लागतं. घरातल्या किती गोष्टी तिच्यापर्यंत 'सांगू नंतर' म्हणून पोचल्याच नाहीत. तो 'नंतर' कधी आला नाही.

ओठांवरून बोलणं ओळखताना मोठी अडचण असते ती प, ब आणि म या अक्षरांची. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. समोरून बघणाऱ्याला 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' यांत काडीचा फरक दिसत नाही. माझे बाबा तेव्हा धुळ्याला नोकरीला होते आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचे. एकदा माझा मामा आला. माझा धाकटा भाऊ पळत आत आला आणि आजीपुढे उभा राहून ओरडला, "आजी, मामा आले!" आजी हातातलं ताट खाली ठेवून, हात पदराला पुसत लगबगीने चौकात गेली. मामाला बघून तिचा चेहरा क्षणभर रिकामा झाला, मग तिने त्याला "या, बसा" केलं. घरात त्यावर आठवडाभर हसणं चाललं होतं. तिच्या डोळ्यांपुढे 'बाबा आले' असंच आलं होतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी हसणारे थांबले असते असं मला वाटत नाही.

आता गंमत अशी, की शब्दभ्रमकाराची सगळी लढाईही याच अक्षरांशी असते. बाकीची बहुतेक अक्षरं तोंड किंचित उघडं ठेवून, जिभेने आणि घशाने काढता येतात. प, फ, ब, भ, म मात्र ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. मग कलाकार त्यांच्या जागी जवळचा दुसरा आवाज बसवतो. ब ला द, म ला न, प ला त, आणि तोही इतक्या सफाईने की वाक्याच्या ओघात ऐकणाऱ्याचं मन चुकीचं अक्षर आपणच दुरुस्त करून घेतं. बाहुली 'नाझं' म्हणते, आपण 'माझं' ऐकतो. आजी ज्या अक्षरांपाशी अडखळत होती, नेमकी तीच पाध्ये लपवत होते.

त्यात टीव्ही. आमच्या टीव्हीचा स्पीकर पडद्याच्या उजव्या अंगाला, छोट्या जाळीमागे होता. आवाज यायचा तिथून, अर्धवटराव दिसायचे डावीकडे, आणि आम्ही शपथेवर सांगितलं असतं की आवाज त्यांच्या तोंडातून आला. डोळ्यांना हलणारं तोंड दिसलं की मेंदू आवाज उचलून तिथे नेऊन ठेवतो. सिनेमातही तेच होतं. म्हणजे चांगले कान असलेले आम्ही सगळे फसत होतो. आजीला फसायला आवाजच नव्हता. तिच्यासमोर दोघे होते. एकाचे ओठ मिटलेले, दुसऱ्याचा जबडा खाली-वर होणारा. बोलतोय कोण, याबद्दल तिच्या मनात शंका असायचं कारणच नव्हतं.

हे लिहिताना मला मधेच दादासाहेब फाळके आठवतात. नाशिकच्या माणसाला ते केव्हाही आठवतात, त्याला इलाज नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचा, 'प्रोफेसर केळफा' या नावाने, आपलंच आडनाव उलटं करून. 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला, त्यात आगपेटीतल्या काड्या आपणहून हलत होत्या. साधारण त्याच सुमारास, 1916 च्या आसपास, रामदास पाध्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटरावांना घडवलं. निर्जीव वस्तू हलवायचं वेड एकाच काळात दोन मराठी माणसांना लागावं! दोघांची कधी भेट झाली असती तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही. पुढे फाळक्यांनी नाशिकलाच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत चित्रपट काढले, तेही मुके. आजी लहानपणी, कान शाबूत असताना, तंबूत सिनेमा बघायला गेली होती. त्यात एक मारुती उडत होता, एवढंच तिला आठवायचं. पडद्यावरची अक्षरं एक माणूस मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लोक आपसांत खूप बोलायचे, असं ती सांगायची. 1931 ला 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी मराठीत 'अयोध्येचा राजा', आणि चित्रं बोलू लागली. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या हातून त्या दिवशी सिनेमा गेला, हे कुठल्या इतिहासात ठळकपणे लिहिलेलं मी वाचलं नाही.

रविवारी दुपारी दूरदर्शनवर मूकबधिरांसाठी बातम्या लागायच्या. हातांच्या खुणांनी बातम्या सांगत. आजीला कुणीतरी मोठ्या उत्साहाने समोर बसवलं. तिला त्या खुणा कुठून येणार? तिने थोडा वेळ बघितलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

मला एका गोष्टीचा राग आहे आणि तो मी आता सांगूनच टाकते. आज बोलक्या बाहुलीचं नाव काढलं की माझ्या भाचरांच्या तोंडी एकच नाव येतं, तात्या विंचू. त्याचा 1993 चा सिनेमा 'झपाटलेला' मीही पाहिला, घाबरले, लक्ष्मीकांत बेर्डे आणि दिलीप प्रभावळकर यांच्यावर मनापासून प्रेम केलं. ती बाहुलीही पाध्यांच्याच हातची, आणि काय ताकदीची! पण शंभरी ओलांडलेल्या अर्धवटरावांची ओळख एका खुनी बाहुल्याने पुसून टाकावी हे मला सहन होत नाही. बाहुली म्हणजे भीती, असं पोरांच्या मनात बसलंय. आमच्या मनात बाहुली म्हणजे घरातला हट्टी, हजरजबाबी म्हातारा होता, जो मोठ्यांना तोंडावर खरं सुनावतो. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खदखदून हसणारा ससाही पाध्यांचाच, हे सांगितलं की पोरं डोळे मोठे करतात. त्या सशाला तरी अजून कुणी घाबरत नाही.

दवाखान्यातून आल्यावर रात्री मी फोनवर रामदास पाध्यांचा एक जुना कार्यक्रम लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. पाच-सात मिनिटं काहीच हाती लागेना. मग दिसायला लागलं. पाध्ये बोलत असतात तेव्हा अर्धवटराव गप्प बसत नाहीत, ऐकतात. मान किंचित कलते. बुबुळं आधी पाध्यांकडे, मग हळूच प्रेक्षकांकडे. एक भुवई वर जाते. उत्तर तोंडात यायच्या आधी ते चेहऱ्यावर आलेलं असतं. मग जबडा हलतो, आणि प्रेक्षक हसतात. मी प्रेक्षकांच्या आधी हसले. शब्द एकही कळला नव्हता.

पाध्ये शिक्षणाने इंजिनिअर, बाहुलीच्या डोक्यात कुठे काय बसवायचं हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण ती ऐकणारी मान कुठल्या यंत्राने येत नाही. 1967 पासून रंगमंचावर आहेत ते, आता त्यांचा मुलगा सत्यजितही आहे. आणि इतक्या वर्षांत त्या निर्जीव माणसाला त्यांनी समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला शिकवलं. आमच्या घरात आजीपुढे एवढा वेळ कुणी थांबलं नव्हतं.

करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा आजी जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती. बँकेत एक आजोबा कॅशियरला पुन्हा पुन्हा विनवत होते, "साहेब, जरा मास्क खाली करा, मला कळत नाही." त्याला वाटलं हे नियम मोडायला सांगताहेत. मागची रांग चिडली. मी पुढे होऊन आकडा कागदावर लिहून दिला. त्या दोन वर्षांत अशा किती माणसांना जग बंद झालं असेल, याची चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही.

तो मुका व्हिडिओ मी बाबांना पाठवला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, माझ्या धाकट्या भावाकडे इंदिरानगरला राहतात. ऐकायचं यंत्र घेतलंय, पण ते कपाटात असतं. लगेच त्यांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर फक्त कपाळ आणि वरचा पंखा.

"आवाजच येत नाही याला," ते म्हणाले.

"मुद्दाम बंद करून बघायचाय, बाबा. आजी बघायची तसा."

"आँ?"

"बाबा, फोन जरा खाली घ्या. तुमचं तोंड दिसू द्या."

फोन हलला, हनुवटी आली, मग एक कान, मग पुन्हा पंखा. मागून भावजयीचा आवाज, "अहो बाबा, तिला तुम्ही दिसत नाही आहात." शेवटी चेहरा नीट आला. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की गुरुवारी मला पुन्हा त्या बाईंकडे जायचंय, आणि तुम्हीही चला, यंत्र सोबत घ्या, त्या बसवून देतील. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आजीसारखे, जरा पुढे वाकून.

"सकाळची वेळ घे," म्हणाले. "दुपारी मी झोपतो."

साडेदहाची मिळाली आहे.