खान बहादूर मर्झबान

सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही व्हीटीला गेलो होतो. (नवे नाव जिभेवर येता येत नाही.) कामा हॉस्पिटलसमोर एका मुलीने विचारले, "टीचर, ये किसने बनाया?" आम्ही सवयीने म्हणालो, "अंग्रेजों ने."

हे उत्तर रात्रभर खुपत राहिले. आमच्या अम्मीचा जन्म याच कामातला. त्याआधी नानीचे एक मूल घरातच, सुईणीच्या हातात गेले होते. पुढच्या खेपेला नाना हॉस्पिटलला राजी झाले ते एवढ्यासाठीच की कामामध्ये बायकांना बायकाच तपासतात. पेस्तनजी होरमसजी कामांच्या पैशातून 1886 मध्ये हे रुग्णालय उघडले, तेव्हापासूनची ही रीत. एडिथ पीची या विलायतेहून आलेल्या डॉक्टरणीकडे त्याचा कारभार होता. बायकांसाठीचा जाफर सुलेमान दवाखानाही त्याच पाहत. पडद्यातल्या बायका घराबाहेर पडल्या त्या अशा दारांमुळे.

आणि ही इमारत उभी केली मुंचेरजी कावसजी मर्झबान यांनी. 1839 चा जन्म. 1822 मध्ये 'मुंबई समाचार' काढणाऱ्या फर्दुनजी मर्झबानांचे हे नातू. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीचा आराखडा ट्रबशॉ साहेबांचा, पण काम तडीला नेले मर्झबानांनी. पुढे ते मुंबई महापालिकेचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर झाले. गरीब पारशांना परवडतील अशी घरे बांधण्यासाठी त्यांनी फंड काढला. आम्हाला त्यांच्या साऱ्या गॉथिक कमानींपेक्षा ही घरे मोठी वाटतात. 1917 मध्ये ते वारले. व्हीटीजवळच्या मर्झबान रोडवरून बी.एड.च्या काळात आम्ही कितीदा सिनेमाला गेलो, पण पाटीवरचा माणूस कोण, हे कधी मनात आले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. फळ्यावर नाव लिहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, "खान बहादूर? यानी अपने वाले?" नाही रे बाबा, सरकार हा किताब पारशांनाही देत असे. मग 'मर्ज़बान'चा अर्थ सांगितला. फारसीत मर्ज़ म्हणजे सरहद्द, मर्ज़बान म्हणजे सरहद्द राखणारा. आणि या सरहद्दीच्या राखणदाराची सुरुवातीची नोकरी कोणती? 1860 च्या दशकात मुंबईच्या फोर्टचा तट पाडण्याच्या कामावर! वर्ग खो खो हसला.

संध्याकाळी अम्मीला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मुझे भी ले चल एक दिन. मैंने तो अंदर से देखा ही नहीं."