गाडीखान्यांतलें विमान

गेल्या पौषांत आम्ही चंद्रपुरास थोरल्या बंधूंकडे आठ दिवस राहून आलों. नागपुराहून दक्षिणेस येतांना वरोरा व भद्रावती हीं गांवें मागें पडलीं, म्हणजे कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्राचीं धुराडीं दिसूं लागतात. आणि त्या धुरकट वाटेच्या शेवटीं गोंड राजांचा परकोट समोर उभा राहतो. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा अशा चार वेशींचा हा कोट म्हणजे जुन्या चांद्याचें कवचच होय. पठाणपुऱ्याकडील एका बोळांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. त्या घराच्या गाडीखान्यांत आमच्या लहानपणीं बैलांची दमणी उभी असे. तेथें हल्लीं एक विमान उभें आहे, असें सांगितल्यास वाचकांस थट्टा वाटेल; आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें.

हा उद्योग आमच्या पुतण्याचा. सुट्या भागांचा संच आणून, नोकरी सांभाळून, रात्रीं व रविवारीं तो दोन माणसांचें लहानसें विमान जुळवीत आहे. चार वर्षांत धड झालें, शेपटी झाली, दोन्ही पंखहि झाले. ते जुन्या रजयांत गुंडाळून भिंतीशीं ठेवलेले होते. अडचण एवढीच कीं धडाची रुंदी १.१ मीटर, प्रत्येक पंख ३.४ मीटर, म्हणजे एकूण ७.९ मीटर, आणि गाडीखाना रुंदीला अवघा ५.५ मीटर! बाजूची भिंत पाडली असती तर जागा झाली असती. परंतु ती भिंत वाटणीच्या वेळीं वडिलांनीं चुलत्यांच्या संमतीनें घातलेली. “भिंतीला कोणी हात लावायचा नाहीं,” असें बंधूंनीं निक्षून सांगितलें, आणि तेव्हांपासून बापलेकांत विमानाचा विषयच निघत नव्हता. वहिनी मात्र रोज रात्रीं गाडीखान्यांत चहा नेऊन देत.

जागेची ही अडचण नवी नव्हे. राइट बंधूंनीं आपलें पहिलें विमान डेटन गांवीं सायकलींच्या दुकानांत घडविलें. त्याचे पंख १२ मीटरांहून लांब. नुसता मधला भाग जोडला तरी दुकानाची मधली वाट अडे, आणि गिऱ्हाईक आल्यास एका भावास बाजूच्या दारानें बाहेर पडून, वळसा घालून पुढें जावें लागे. सर्व विमान प्रथम जुळलें तें किटी हॉकच्या वाळूंत, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं तेथेंच उडालें. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. इमारतीस लिफ्ट नव्हती; यंत्रें व इंजिन अरुंद जिन्यानेंच वर चढवावीं लागलीं. २०१६ च्या फेब्रुवारींत तें खालीं उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत मांडलें, २०१७ सालीं त्याची सरकारी नोंद झाली, आणि २०२० सालीं धुळ्यास त्याच्या उड्डाणाच्या चांचण्या झाल्या. त्यांचेंहि कुटुंब एकत्रच, हें आम्हीं वहिनींस मुद्दाम ऐकविलें. बंधू वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं पान उलटलें नाहीं, एवढें आमच्या लक्षांत आलें.

पंख पेलून धरण्यास भक्कम घोड्या हव्या होत्या. त्यासाठीं पुतण्यानें आम्हांस बल्लारपुरास नेलें. तेथील आरागिरणींत सागाच्या भुशाचा वास दरवळत होता. अयोध्येच्या राममंदिरासाठीं २०२३ सालीं सागवान गेलें तें याच बल्लारपुराहून. वासे घेऊन ठेवले, आणि इतक्या जवळ आलोंच आहों तर मूळ वन पाहूं, म्हणून गोंडपिपरीवरून पुढें निघालों. आष्टीपाशीं वैनगंगा ओलांडली, कीं गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. आलापल्लीचें ‘वनवैभव’ म्हणून राखलेलें अरण्य आम्हीं पाहिलें. तेथील सागाचे सोट पाहतांना मान दुखूं लागते. खालीं वाळलेल्या पानांचा खच. पाऊल टाकलें कीं पापड मोडल्यासारखा आवाज होई.

“काका, जुन्या काळीं विमानें लांकडाचीं असत, पण सागाचीं नव्हेत,” पुतण्या म्हणाला. “साग टिकाऊ खरा, पण पंखाच्या कण्याला जड. तिथें स्प्रूसचें हलकें लांकूड लागे. आमचें विमान तर ॲल्युमिनियमचें. साग उडायचा नाहीं. उडणाऱ्याला खालून आधार मात्र देईल.”

परतल्यावर घोड्या झाल्या व काम सुरू झालें. युक्ति साधी होती. धड एका भिंतीस लगटून उभें करावयाचें, मोकळ्या बाजूस एक पंख बसवावयाचा, मोजमापें घेऊन तो उतरवावयाचा, आणि मग धड दुसऱ्या भिंतीकडे सरकवून दुसरा पंख लावावयाचा. पंखाच्या पोटांत दोन आडव्या तुळया असतात. पुढच्या मुख्य तुळईचीं भोकें संचांतच नेमकीं पाडलेलीं होतीं. मागच्या तुळईचें भोक मात्र पंख बसवून, मापून, घरींच पाडावयाचें. कारण पंख वाऱ्यास किती तिरका राहणार, हें त्या एका भोकानें ठरतें. दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसेल तर विमान एका अंगास कलूं पाहतें. भोक तुळईच्या कडेशीं फार जवळ गेलें तर तेथें तिचें बळच उणें होतें. आणि एकदां पडलेलें भोक मागें घेतां येत नाहीं.

उजवा पंख शनिवारीं निर्वेध झाला. रविवारीं धड सरकवून डावा लावला. पुतण्यानें माप घेतलें, खूण केली, ड्रिल हातांत घेतलें. तोंच दारांतून आवाज आला, “थांब.”

बंधू उंबऱ्यावर उभे होते. बांधकाम खात्यांत त्यांचें सारें आयुष्य गेलें. “धड सरकवल्यावर पुन्हां पाणसळीत घेतलंस का?” त्यांनीं विचारलें.

“काल घेतलं होतं, अण्णा.”

“काल त्या भिंतीशीं. ही जमीन आजोबांनीं मोरीकडे उतरती केलेली आहे, शेणपाणी वाहून जावं म्हणून.”

पुतण्याचा चेहरा उतरला. पाणसळ ठेवली, तों धडाचें नाक खरोखरच खालीं झुकलेलें. तेंच सरळ मानून पंखाचा कोन मापला होता. तसेंच भोक पाडलें असतें तर एक पंख दुसऱ्याहून वेगळा बसता, आणि त्या आसनावर बसणार होतें तें घरचेंच पोर. कोणी कांहीं बोललें नाहीं. बंधूंनीं कोट काढून खुंटीस अडकविला, गवंड्याची पाण्याची नळी मागविली, ओळंबे सोडले, जमिनीवर खडूची दोरी मारली. चाकांखालीं पाचरी घालून धड समतळ करण्यांत दुपार गेली. शेपटीपासून पंखाच्या टोंकाचें अंतर दोघांनीं आळीपाळीनें तीनदां मोजलें. तें उजव्या बाजूच्या मापाशीं जुळलें, तेव्हां दिवेलागण झाली होती. भोक पाडतांना तुळईस टेकू देऊन धरणारे हात बंधूंचे होते.

दुसरे दिवशीं पंख उतरवून पुन्हां रजयांत गुंडाळले. अजून सरकारी तपासणी व्हावयाची आहे; परवानगी मिळाल्यावर सर्व सुटें करून, नागपूरच्या वाटेवरील मोरव्याच्या धावपट्टीवर नेऊन जोडावयाचें, असा बेत आहे. वाटणीची भिंत जागच्या जागीं उभी आहे. आम्ही निघालों तेव्हां बंधू गाडीखान्यांत ओळंब्याची दोरी गुंडाळीत होते.

“मोरव्याला न्याल तेव्हां मला घेऊन चला,” ते लेकास म्हणाले. “तिथली जमीन मी पाहिलेली नाहीं.”