येलदरीचं पाणी आणि हॉलमधला समुद्र

जिंतूर मागे पडलं आणि घरून फोन आला. ‘‘लाइट गेलीय गं, दोन तास झाले. तुझ्या टँकचं काय करू?’’ झालं! वीकेण्डची पार वाट.

पुण्यातल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये माझा खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. सध्या मुक्कामाला फक्त दोन क्लाउनफिश. पण महिन्याभरापूर्वी एका ओळखीच्याने हळूच विचारलं, ‘‘दगडी प्रवाळ हवंय का?’’ मोबाइलवर फोटोही धाडला. निळ्या टोकांचं अॅक्रोपोरा! येलदरीहून परतलं की ‘हो’ म्हणायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

धरणाच्या बांधावर मामा वाट बघत होते. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. म्हणजे मी वीज बनते तिथे उभी, आणि माझे मासे तिकडे अंधारात! पावसाळ्यानंतर इथे समुद्रासारखं पाणी पसरतं, उन्हाळ्यात तेच मागे सरतं आणि भेगाळलेली माती उघडी पडते.

‘‘एवढं काय टेन्शन घ्यायलीस?’’ मामा म्हणाले. ‘‘पाणी चढतं, उतरतं. मासा जातो की पाण्यामागं.’’

मासा जातो हो मामा, प्रवाळ नाही जात. ते बसल्या जागी जगतं. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न बनवतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरू शकतं. त्याला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, तापमान २५ अंशांच्या आसपास आणि तेही रोज तेवढंच. टँकमधलं पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज आरओचं गोडं पाणी घालायचं. सांगाडा बांधायला ते पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतं, तेही मोजून भरायचं. समुद्राला याचं काही वाटत नाही. दोनशे लिटरच्या काचेला वाटतं. त्यात लाइट गेली तर दिव्याचं एक वेळ चालतं, पण पंप थांबला की प्रवाह बंद, ऑक्सिजन कमी. मे महिन्यात कूलिंगही गेलं तर विचारूच नका.

आणि हे सगळं जमवलं तरी? दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत! तो ‘हळूच’ का विचारत होता, हे मला बांधावर उभं राहून कळलं. (गूगल आधी करायला हवं होतं, कबूल.)

प्रवाळ बघायचंच असेल तर मालवण आहे ना. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना ते त्याच्या घरी दिसतं. फक्त पावसाळा टाळा. येलदरीला मात्र पावसाळा संपता संपताच जा. परभणीपर्यंत रेल्वे, पुढे जिंतूरमार्गे रस्ता. वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही, बांधावरूनच बघायचं.

पाच वाजता फोन आला. लाइट आली, मासे ठीक. मी त्या ओळखीच्याला ‘नको’ असा एसएमएस टाकला. तोवर मामा एका कोळ्याशी रोहूचा भाव करायला लागले होते.

निळ्या टोकांचा तो फोटो मात्र अजून डिलीट केलेला नाही.