पट संपतो तिथून पुढे

माझं विम्याचं दुकान देवगाव फाट्यावर आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक टेबल, एक प्रिंटर आणि भिंतीवर विमा कंपन्यांची कॅलेंडरं. जालना-मंठ्याकडून आलेला रस्ता इथून जिंतूरकडे जातो आणि एक फाटा सेलूकडे वळतो. त्यामुळे दिवसभर डोळ्यांसमोर गाड्याच असतात: कापसाचे टेम्पो, ट्रॅक्टर, एस.टी., मोटारसायकली. टपरीवर चहा पिणाऱ्याची गाडी बघून तिचा विमा कोणत्या महिन्यात संपतो ते मी पुष्कळदा सांगू शकतो. यात हुशारी काही नाही. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की असं होतं.

या खुर्चीतूनच मला एक विचित्र जोडधंदा चिकटला. परभणी-जालन्याकडच्या मोटारमालकांचा एक गट आहे. दोन डॉक्टर, एक जिनिंगवाला, एक बी-बियाण्यांचा दुकानदार, काही कंत्राटदार आणि त्यांची पोरं. आधी ही मंडळी नुसती सहलींना जायची. मग हळूहळू गाडीचं बोनेट उघडून एकमेकांना दाखवू लागली, आणि तिथून पुढची पायरी ठरलेलीच असते. एके दिवशी जिनिंगवाल्यांचा मुलगा दुकानात येऊन म्हणाला, "काका, गाडी एकदा मोकळी सोडून बघायची हाय. समृद्धीवर पहाटं कोण असतंय?"

समृद्धी महामार्गावर पहाटे कोण असतं याची यादी मी त्याला ऐकवली. रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेले ट्रकवाले असतात, टायर फुटून कडेला उभी राहिलेली कुटुंबं असतात. मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ता सरळ दिसला म्हणून ती संपत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 189 आहे: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा, 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाला दंडाचं काही वाटलं नाही. पाच हजारांत त्याचा एक टायरही येत नाही. मग मी त्याचीच पॉलिसी काढून त्याच्यापुढे ठेवली.

खाजगी मोटारीच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' म्हणून चार ओळी असतात. त्या कुणी वाचत नाही. मीही पहिली काही वर्षं वाचल्या नव्हत्या. भाड्याने देणं, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, यांतलं काहीही केलं तर विमा नाही. ही यादी सगळ्या कंपन्यांची जवळजवळ सारखीच, कारण ती जुन्या मोटार टॅरिफमधून आली आहे. आणि हे फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतं नाही. तिसऱ्या माणसाला इजा झाली तरी 'गाडी संघटित शर्यतीत किंवा वेगचाचणीत होती' हा बचाव कायद्यानेच, कलम 150 मध्ये, कंपनीच्या हातात दिला आहे. गंमत म्हणजे त्याच टॅरिफमध्ये मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला सवलत आहे, पाच टक्के, पण जास्तीत जास्त 200 रुपये. म्हणजे क्लबात जा, 200 रुपये घे. पण क्लबाने गाड्या पळवल्या तर आम्ही तुला ओळखत नाही.

मुलगा बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत बसला. "मग विमा कशाचा काढायचा?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

विमा गाडीचा निघत नाही, दिवसाचा निघतो, हे समजायला मला पुण्यामुंबईच्या बऱ्याच कचेऱ्यांत फोन करावे लागले. गाड्या मोकळ्या सोडायला भाड्याने ट्रॅक घ्यायचा, चारी बाजूंनी कुंपण असलेला. आयोजकाच्या नावाने त्या एका दिवसाची सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी समूह अपघात विमा. गाडीचं जे होईल ते मालकाचं. हे शेवटचं वाक्य मी फॉर्मवर मोठ्या अक्षरांत छापतो आणि सकाळच्या बैठकीत मोठ्याने वाचूनही दाखवतो. हमीपत्रावर सह्या घेतो. पण कागदावर सही झाली म्हणून आयोजकाचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या वकिलाला माझ्याहून जास्त.

डॉक्टरमंडळींचा प्रश्न वेगळा होता: मेडिक्लेम चालेल का? बहुतेक पुस्तिकांत धोकादायक खेळांच्या कलमात मोटार रेसिंगचा उल्लेख असतो आणि तो दिसला की माणूस पान मिटतो. पण त्या वाक्यात 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास' असे शब्द आहेत. हौशी माणसाला तिथे भांडायला जागा आहे. अपघात विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीत मात्र प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, म्हणून समूह विमा वेगळाच घेतलेला बरा.

समूह विम्याला नावांची यादी लागते. नाव, वय, रक्तगट आणि वारस. रक्तगटाच्या रकान्यापर्यंत सगळे हसतखेळत असतात. वारसाच्या रकान्यापाशी पेन थांबतं. मी हे दरवेळी बघतो. साठ लाखांच्या गाडीचा मालक बायकोचं नाव लिहिताना एकदम हळू लिहितो. एकाने आईचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एक जण 'नंतर भरतो' म्हणून बाहेर गेला, बराच वेळ फोनवर बोलला आणि त्या वर्षी आला नाही. त्याला कुणी हसलं नाही. ट्रॅकवर किती जोरात जायचं हे मी कुणालाही शिकवू शकत नाही, मला ते येतही नाही. पण हा रकाना भरल्यावर माणसं जराशी वेगळी गाडी चालवतात असा माझा अंदाज आहे. दहीहंडीचंही तसंच असावं. 2023 मध्ये राज्य सरकारने 50,000 गोविंदांचा विमा काढला, माणशी 75 रुपये हप्ता. 75 रुपयांत थर काही पक्का होत नाही. पण वर चढणाऱ्याचं नाव आधी कुठे तरी लिहून ठेवलेलं असतं.

यादीत मी स्वतःच एक चूक केली होती. पहिल्या वर्षी फक्त चालकांची नावं घातली. झेंडे दाखवणारी पोरं, चहा वाटणारा, फोटो काढणारा, अग्निशामक घेऊन उभा राहणारा माणूस, यांना विसरलो. फोटोवाला तर नेमका वळणाच्या बाहेर उभा राहतो, जिथे घसरलेली गाडी जाणार. ती चूक विमा कंपनीच्या एका कारकुनाने फोनवर पकडली. तेव्हा मला माझ्या चुलत्यांची आठवण झाली.

आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असायचा. सुगी आटोपली की एखादं सपाट रान निवडायचं, ढेकळं फोडायची, दोन धावपट्ट्या आखायच्या. जोडी सुटली की घड्याळावर सेकंद मोजायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. जोड्या शेवटच्या रेषेवरून सुटलेल्या बाणासारख्या जायच्या, आणि पट तिथे संपला असं आम्ही सगळे समजायचो. बैलांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. बैल रेषेनंतरही धावतात, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने कितीही ओढलं तरी. बैलांची तोंडं समोरून दिसावीत म्हणून चुलते त्या रेषेच्या पुढे उभे होते. सगळे जाणते तिथेच उभे राहायचे, ती मानाची जागा. एक जोडी त्यांच्यावरून गेली. पाय मांडीत मोडला. गावाने वर्गणी काढली, परभणीला नेलं, आणि ते पुढे वीस वर्षं काठी घेऊन चालले. कुणाचाच दोष नव्हता, असं सगळे म्हणायचे. चुलतेही म्हणायचे.

म्हणून ट्रॅक पाहायला गेलो की मी गाडीतून फेरी मारत नाही. चालतो. सरळ पट्टा कुठे संपतो ते बघतो आणि तिथून पुढे पावलं मोजतो. खडीचा पट्टा किती, टायरांची भिंत किती, भिंतीमागे काय. एकदा भिंतीमागे प्रसाधनगृह निघालं. ते दिवसभर बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा व्यवस्थापकाला मी वेडा वाटलो. मी त्याला ल मान्सची गोष्ट सांगितली. 11 जून 1955 ला फ्रान्समधल्या त्या शर्यतीत पिएर लव्हेग यांची मर्सिडीज पुढच्या गाडीवर चढून उडाली आणि मुख्य पट्ट्याच्या कडेला प्रेक्षकांत घुसली. 80 हून अधिक माणसं गेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली, आणि ती अनेक दशकं टिकली. आज चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्रेक्षक इतके लांब बसवलेले दिसतात, ते त्या संध्याकाळचं देणं आहे. व्यवस्थापकाने ऐकून घेतलं आणि कुलूप आणून दिलं.

बाकीची तयारी कंटाळवाणी आहे आणि तशीच असावी. डिकी रिकामी, स्टेपनीसुद्धा काढलेली. डॅशबोर्डवरचा गणपती पदराच्या किंवा रुमालाच्या घडीत बाजूला ठेवलेला. इथे बायका फार मदत करतात, पुरुष हात लावायला धजत नाहीत. नवख्यांचा गट वेगळा. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि तोही पुढच्याने हात दाखवल्यावर. फेरी संपवून आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या ब्रेकला तो सोसत नाही; चाकाला दगड लावा. आणि घड्याळ नाही. नुसतं फिरणं ही शर्यत आहे का यावर दोन वकील भांडू शकतात. सेकंद मोजले की ती वेगचाचणी झाली. पोरं मोबाइलवर वेळ टिपणारं ॲप लावतात, म्हणून बैठकीनंतर सगळे मोबाइल माझ्या जुन्या पॉलिसींच्या पेटीत जातात. याबद्दल मला शिव्या मिळतात. मिळू देत.

सगळ्यांत जड नियम रुग्णवाहिकेचा. रुग्णवाहिका कुणाला घेऊन बाहेर पडली की ट्रॅक बंद, ती परत येईपर्यंत. मग पेशंटचं नुसतं मनगट मुरगळलेलं असो. एकदा असे पावणेदोन तास गेले. माणशी हजारो रुपये भरून आलेली माणसं उन्हात शेंगा खात बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मग एक घटना घडली. तिसऱ्या वर्षी बियाण्यांच्या दुकानदाराची गाडी ओल्या वळणावर घसरून टायरांच्या भिंतीत गेली. त्यांना खरचटलंही नाही, पण समोरची अर्धी गाडी गेली. दोन दिवसांनी ते फाट्यावर आले. दार लावून घेतलं. म्हणाले, "काका, तुमी आमच्या घरातले. लिवून टाका, मंठ्याच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं म्हणून." त्यांच्या दुकानातून मी बावीस वर्षं सोयाबीनचं बियाणं आणत होतो. दुबार पेरणीच्या वर्षी त्यांनी उधारीवर दिलं होतं, वही न काढता. सर्व्हेअरला ते कुत्रं सहज पटलं असतं, आमच्या रस्त्यावर कुत्र्यांची कमी नाही. मी पाणी पुढे केलं. म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी तिथं बावीस जण होते. एकानं फोटो टाकला तर तुमची गाडी तर जाईलच, या गटाला पुन्हा कुणी विमा देणार नाही." खरं कारण एवढंच नव्हतं, पण दुसरं मला बोलता आलं नाही. ते पाणी न पिता उठले. दोन हंगाम मी बियाणं दुसरीकडून आणलं.

या वर्षी मार्चमध्ये ते पॉलिसी नूतनीकरणाला आले. कुत्र्याचा विषय निघाला नाही. जाताना दारातून म्हणाले, गावात पट भरवायचा आहे, कागदपत्रांचं बघाल का?

पट पुन्हा सुरू झालेत. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, 2017 ला राज्याने कायदा केला, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव 1000 मीटरच्या आत, चाबूक-काठी नाही, पशुवैद्य हजर हवा, आणि क्रूरता झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलांसाठी एवढं सगळं लिहिलेलं वाचून मला बरं वाटलं. माणसांसाठीचा समूह विमा मी माझ्या हाताने जोडला, धुरकऱ्यांपासून ते माइकवर बोलणाऱ्यापर्यंत. वारसाच्या रकान्यापाशी पेनं तशीच थांबली.

आदल्या संध्याकाळी रान बघायला गेलो. धावपट्टी छान झाली होती, काळी माती दाबून गुळगुळीत केलेली, चुन्याची रेष मारलेली. मंडळी म्हणाली, इथं पट संपतो. मी रेषेवर उभा राहिलो आणि पुढे चालायला लागलो. "काका, तिकडं काय हाय? तिकडं काहीच नाही," मागून कुणी तरी ओरडलं. मी मोजत होतो. त्र्याण्णव पावलांवर बांध लागला. बांधावर बाभळीच्या सावलीत सात-आठ पोरं बसली होती, उद्यासाठी जागा धरून.