लेस्टरचा हिवाळा आणि बॅगेतला अडॅप्टर

इंदूरहून लेस्टरला शिकायला येणाऱ्यांच्या बॅगेत चिवडा-चकलीबरोबर एक अडॅप्टर असतोच. इथल्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं, आपल्या गोल पिना त्यात जात नाहीत. गंमत म्हणजे आपला गोल पिनांचा प्लग मूळचा इथलाच. १९४७ साली ब्रिटनने चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं आणि जुना प्लग हळूहळू घरांतून गेला. आता तो दिसतो मुख्यतः नाट्यगृहांत, रंगमंचाच्या दिव्यांना. आपण मात्र तो अजून वापरतो.

वीज दोन्हीकडे सारखी, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे आईने दिलेला मिक्सर इथे छान चालतो. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्यांनी मात्र तो घरीच ठेवावा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत '१००-२४०' लिहिलेलं असेल, तर तो दोन्हीकडे चालतो.

वीज सारखी असली तरी इंग्लंडमध्ये धोका आहेच. इथल्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा. आमच्या भाड्याच्या घरातल्या एका मुलाने भारतातून आणलेला ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड अडॅप्टरला जोडला आणि त्यावर २००० वॉटचा हीटर लावला. २००० भागिले २३०, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. अडॅप्टरमधला फ्यूज १३ चा, तो ९ ला कशाला उडेल? जानेवारीतल्या एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि आम्ही धावत जाऊन मेन स्विच बंद केला. वायर मऊ पडली होती आणि ती गादीखालून गेली होती. आम्ही पाच जण त्या घरात झोपत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे काही नियम आहेत. हीटर, केटल, इस्त्री इथूनच घ्यायची आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायची. बोर्डही इथलाच. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवायचा नाही. मिक्सरसारख्या तीन पिनांच्या वस्तूला अर्थिंग पुढे नेणाराच अडॅप्टर हवा. प्रवासी अडॅप्टरांपैकी अनेकांत ती सोय नसते. इथल्या सॉकेटच्या भोकांना आतून झडप असते, अर्थची लांब पिन आत गेली की ती उघडते. पेन खुपसून झडप उघडायची आणि दोन पिनांचा चार्जर घुसवायचा, हा उद्योग अजिबात नको. आणि अडॅप्टर हाताला गरम लागला, तर तो लगेच काढायचा.

तुमच्या घरातलं कुणी यंदा निघत असेल, तर सामान बांधताना प्रत्येक वस्तूवरचे व्होल्ट आणि वॉट एकत्र बसून वाचा. पहिल्या आठवड्यात फोन-लॅपटॉपपुरता एक चांगला अडॅप्टर पुरतो. बाकीची जागा चिवड्याला ठेवा.