तलंग निघावी म्हणून

पिल्लं पंधरा दिवसांची झाली की घोरावाडीच्या अंगणांत एकच चौकशी सुरू होते : तलंगा किती, कोंबडे किती? शेजारच्या आत्या डालगं उचलतात, हाताला लागेल ते पिल्लू पकडून उलटं धरतात आणि निकाल देतात. पाय पोटाशी घेतले तर तलंग, लोंबते ठेवले तर कोंबडा. त्याच्याही आधी, कोंबडी खुडूक बसली तेव्हा, त्यांनी टोकदार अंडी तव्यासाठी बाजूला काढलेली असतात, कारण टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो. अ‍ॅरिस्टॉटलनं नेमकं उलट लिहून ठेवलंय. त्याच्या मते लांबट, टोकदार अंड्यात मादी. खरं दोघांचंही नाही. पण आत्यांच्या चुकीतून निदान आम्लेट तरी होतं.

या एका अंगणात मात्र सगळ्यांना मुलगीच हवी असते. बाहेरच्या जगात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं आणि बोल सुनेला लागतो. कोंबड्यांत खरोखरच आई ठरवते. कोंबड्याकडे दोन्ही लिंगगुणसूत्रं सारखी, कोंबडीकडे दोन वेगळी. त्यातलं कुठलं अंड्यात उतरतं त्यावर सगळं अवलंबून. म्हणजे इथे आईला जबाबदार धरायला शास्त्राचा आधार आहे, तर तिला कुणी चकार शब्द बोलत नाही. बारा पिल्लांत आठ कोंबडे निघाले तरी तिच्यापुढे कण्या पडतातच.

घाई असते ती धंद्याला. अंड्यांच्या व्यवसायात नर पिल्लू पहिल्या दिवसापासून खाद्याचा खर्च. त्यामुळे एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखणं ही कला झाली. जपानी संशोधकांनी १९२०च्या दशकात पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतला बारीकसा उंचवटा पाहून नर ओळखायची पद्धत बसवली, आणि ती शिकलेले जपानी तरबेज देशोदेशीच्या उबवणी केंद्रांत कामाला गेले. बोटांचं आणि नजरेचं हे काम पुस्तकातून येत नाही. मग त्याहून सोपं काही शोधलं गेलं. तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची जोडी लावली, की काळ्या पिल्लांतल्या नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका उमटतो. पट्ट्यांचा गुण आई मुलाला देते, मुलीला नाही. काही वाणांत पंखांच्या पिसांची लांबी बघतात. पण त्यासाठी आई-बाप तसे मुद्दाम निवडलेले लागतात. अंगणातल्या पिल्लाचे पंख ताणून बघणाऱ्याला फक्त पंख दिसतात.

निवड झाल्यावर उरलेल्या नरांचं काय होतं, ते फार कुणी विचारत नाही. जगात बहुतेक ठिकाणी त्यांना त्याच दिवशी मारतात. जर्मनीनं २०२२पासून त्यावर बंदी आणली. आपल्याकडे त्यातले काही गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात बुडवून निघतात आणि टोपलीतून आठवडी बाजारात किंवा शाळेच्या फाटकाशी येतात. पोरं हट्ट करतात, आई-बाप दहावीस रुपये काढतात. महिनाभरात रंगीत लव झडून खाली पांढरं पीस येतं, लेगहॉर्नचं, आणि पाठोपाठ टपोरा तुरा. ‘हिरवी कोंबडी कधी अंडं देणार?’ या प्रश्नाला कुठल्याच घरात धड उत्तर मिळत नाही. पिल्लाचं लिंग विकणाऱ्यानं रंगातच सांगितलेलं असतं, असं मला वाटतं.

जातीचा घोळ वेगळाच. घोरावाडीहून लोकलनं खडकी फार लांब नाही, आणि खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथून भोकं पाडलेल्या खोक्यात पिल्लं येतात. डब्यातल्या दंग्यातही त्यांची चिवचिव ऐकू येते आणि उभ्यानं प्रवास करणारी माणसं पाय सांभाळून टाकतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज, ही नावं आता मावळात भाताच्या वाणांसारखी तोंडात बसली आहेत. पण एक पिढी उलटली की खोक्यावरचं नाव संपतं. गिरिराजचा कोंबडा गावरान कोंबड्यांत हिंडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात डालग्याखाली तांबडं, भुरं, कबरं, एखादं उघड्या मानेचं, असं सगळं एकत्र निघतं. काळं पिल्लू दिसलं की कडकनाथ म्हणून हाकाटी होते. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढला, आणि तेव्हापासून काळ्या पिल्लांची सगळीकडे चौकशी वाढली. नुसत्या काळ्या पिसांवर जाऊ नये. चोच उघडून जीभ बघावी, कातडी बघावी. कडकनाथ आतूनही काळा असतो.

बाकी नर-मादी कळायला अंगणात वेळच द्यावा लागतो. दीड-दोन महिन्यांनी नराचा तुरा लाल व्हायला लागतो, तलंगेचा फिका राहतो. पाय जाड होतात. तिसऱ्या महिन्यात पाठीच्या शेवटाला, शेपटीच्या मुळाशी पिसं बघावीत : टोकदार आणि चकाकणारी असली तर कोंबडा, गोलसर असली तर तलंग. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण तुऱ्याची लाली जातीप्रमाणे मागेपुढे होते. आत्या मात्र आरवण्याची वाट बघतात. पहिलं आरवणं हास्यास्पद असतं, घसा बसलेल्या पोरासारखं. पण त्यानं निकाल लागतो. चैत्रातली पिल्लं आषाढात आरवतात आणि आखाडातच पाहुण्यांची वर्दळ असते. आरवला तो यादीत गेला. एकवीरेचा नवस फेडायचा असेल तर त्याहून आधी.

यंदा एक कबरं पिल्लू कुणालाच कळेना. तुरा ना धड लाल, ना फिका. पिसांवरूनही घरात दोन तट पडले. आत्या म्हणाल्या, ‘तलंग आहे, राहू द्या.’ आखाड गेला, श्रावण लागला आणि तिसऱ्या दिवशी ते कौलावर चढून आरवलं. त्या घरात श्रावण पाळतात. त्यामागून गणपती, मग नवरात्र. ‘आता दिवाळीनंतर बघू,’ आत्या म्हणाल्या आणि मूठभर कण्या त्याच्याकडे जरा जास्तच फेकल्या.