उतारा नसलेलं भूत

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं ह्याबद्दल आमच्या कट्ट्यावर संपूर्ण एकमत आहे. सकाळी टेकडी, दुपारी झोप, संध्याकाळी कट्टा आणि उरलेल्या वेळात रक्तातली साखर. मी ह्यात फक्त एकच भर घातली : रात्री जपानी भुतं. हे कळल्यापासून कट्टा माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. "अहो, ह्या वयात ज्ञानेश्वरी हातात घ्यायची," असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं विचारलं, "भुतंच बघायची तर आपल्या कोकणातली काय वाईट आहेत?"

वाईट मुळीच नाहीत. पण आपलं भूत पडलं व्यवहारी. त्याला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, समंध पुरलेल्या धनावर, हडळ विहिरीपाशी. शिवाय प्रत्येकाची मागणी ठरलेली. कुणाला नारळ, कुणाला कोंबडा, कुणाचं नुसत्या दहीभातावर भागतं. तिठ्यावर उतारा ठेवायचा, मागे न बघता घरी यायचं आणि पाय धुऊन झोपायचं. प्रकरण मिटलं. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे मला हा हिशेब फार पटायचा. देणं चुकतं केलं की खातं बंद.

हा हिशेब बिघडवला 'रिंग'नं. आमची कन्या तेव्हा जपानी शिकत होती. पुण्यात ही हौस जुनी आहे. एका रात्री तिनं 'अभ्यासासाठी' म्हणून एक सीडी आणली. हिदेओ नाकाता ह्या दिग्दर्शकाचा 1998 सालचा सिनेमा. गोष्ट एका व्हिडिओ कॅसेटची. ती बघितली की टेलिफोन वाजतो आणि सात दिवसांनी बघणारा मरतो. रेको नावाची वार्ताहर ती बघते, आणि तिच्या नकळत तिचा लहान मुलगाही बघतो. मग तिची धावपळ. शेवटी एका जुन्या विहिरीत सादाको नावाच्या मुलीचा सांगाडा सापडतो, आणि रेको चिखलपाण्यात बसून त्याला पोटाशी धरते. मी सुस्कारा सोडला. "सुटली बिचारी," असं म्हणून उठलो.

"बाबा, बसा," कन्या म्हणाली.

मी बसलो. दुसऱ्या दिवशी रेकोच्या आधीच्या नवऱ्याच्या घरचा टीव्ही आपोआप लागतो. पडद्यावर विहीर. विहिरीतून एक बाई वर येते, तोंडावर केस, चाल अशी की सांधे कुणी उलटे बसवलेत. (त्या नटीला मागे मागे चालायला लावून फिल्म उलटी फिरवली होती, हे मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तर पुढच्या चार रात्री झोप लागली असती.) ती चालत पडद्याच्या काचेपर्यंत येते, आणि मग काचेतून बाहेर. खोलीत. चटईवर. आमच्या टीव्हीला त्या काळी क्रोशाचं झाकण होतं. त्या दिवसापासून मी ते रोज रात्री न चुकता घालू लागलो. ह्यांना अखेर घरातल्या वस्तूंची किंमत कळली, असं सौ.नं तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. सादाकोला सांगाडा शोधून नको होता, अश्रू नको होते, काहीच नको होतं. रेको वाचली ती कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवल्यामुळे. म्हणजे हे प्रकरण कधीच निकालात निघत नाही, फक्त पुढच्या टेबलावर जातं! आता मुलाला वाचवायचं, तर त्यानंही नक्कल कुणाला तरी दाखवायला हवी. सिनेमा संपतो तेव्हा रेको ती कॅसेट घेऊन गाडीतून निघालेली असते, आपल्या म्हाताऱ्या वडिलांकडे.

मी कन्येकडे बघितलं. ती शांतपणे चिवडा खात होती. "नातवासाठी आजोबांनी एवढं करायला नको?" ती म्हणाली.

ही मूळ कादंबरी 1991 सालची, कोजी सुझुकी ह्यांची. बायको नोकरीला जाई आणि हे गृहस्थ घरी राहून मुली सांभाळत आणि लिहीत. पुढे त्यांनी बापपणावरही पुस्तकं लिहिली. मुलांना सांभाळणाऱ्याला भीतीचे विषय शोधत फिरावं लागत नाही, असा माझा तर्क आहे.

तेव्हापासून मी जो वाहवलो तो वाहवलोच. कळलं ते असं, की तक्रार उराशी धरून बसण्याची तिकडे थोर परंपरा आहे. ओइवा ही नवऱ्यानं फसवलेली बायको 1825 साली काबुकीच्या रंगमंचावर आली ती अजून खाली उतरलेली नाही. ओकिकू नावाची मोलकरीण दहा बशांपैकी एक हरवल्यावरून जिवाला मुकली आणि रोज रात्री विहिरीतून बशा मोजू लागली. नऊपर्यंत येते, आणि किंकाळी. सादाको हिचीच नात शोभते. पण जपानी माणूस ह्याच ओकिकूवर हसतोही. तिकडे राकुगो म्हणून एक प्रकार आहे, गादीवर बसून एकट्यानं गोष्ट सांगायची, जवळजवळ आपल्या कथाकथनासारखा. त्यातली ओकिकू इतकी लोकप्रिय होते की विहिरीपाशी गर्दी जमते. नऊ ऐकलं की मरण, म्हणून लोक सहा-सातला पळ काढतात. एका रात्री गर्दीत पळायला वाटच मिळत नाही, आणि ओकिकू नऊवर न थांबता थेट अठरापर्यंत मोजते! का, म्हणून विचारलं तर म्हणते, उद्या रजा घेणार आहे, दोन दिवसांचं एकदम उरकलं. मला ती त्या क्षणी आमच्या शाखेतलीच वाटली.

तिकडे भुतांचा मोसमही उन्हाळा. ऑगस्टच्या सुमारास ओबोन असतो, पितर घरी येतात, त्याच दिवसांत भुतांची नाटकं. अंगावर काटा आला की गार वाटतं, असा हिशेब. पंख्याच्या विजेची बचत.

मासाकी कोबायाशींचा 1964 सालचा 'क्वायदान' तीन तासांचा आहे. त्यातल्या होइची ह्या आंधळ्या वादकाला भुतांपासून वाचवायला त्याच्या अंगभर सूत्रं लिहितात आणि कान तेवढे विसरतात. भूत येतं, त्याला हवेत तरंगणारे दोन कान दिसतात, ते घेऊन जातं. लिहिलेलं पुन्हा तपासून न बघितल्याचा इतका भयंकर परिणाम मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. 'जू-ऑन'मधली कायाको तर पांघरुणातच निघते. पांघरूण! लहानपणापासून भुतांविरुद्ध आपल्याकडे एवढा एकच बंदोबस्त होता. तोही गेला.

कन्येच्या कपाटातल्या लाइट नॉव्हेलशी मात्र माझं जमलं नाही. ह्या खिशात मावणाऱ्या सचित्र कादंबऱ्या. पुस्तक लहान आणि नाव लांब. एकीचं नाव मराठीत साधारण असं होईल : 'विक्रीयंत्र होऊन पुनर्जन्म झाला, आता मी भुयारात भटकतोय.' नायक खरोखरच नाणं टाकलं की शीतपेय देणारं यंत्र होऊन जन्मतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मोजताना आपल्या शास्त्रकारांकडून ही एक राहून गेली. ह्या जातीच्या बऱ्याच पुस्तकांत नायक पहिल्याच पानांत मरतो आणि दुसऱ्या जगात मजेत राहतो. मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे विचारायला त्याला फुरसत नसते. मरणं म्हणजे बस बदलणं. मला हे पटत नाही. माझी भुतं निदान मागे वळून बघतात.

व्हिज्युअल नॉव्हेल त्या मानानं बरी. संगणकावर चित्र, खाली मजकूर, मागे संगीत. कळ दाबत वाचत जायचं. 'हिगुराशी'ची पहिली डिस्क 2002 च्या उन्हाळ्यात तोक्योच्या हौशी लेखकांच्या जत्रेत विकायला आली. आठ भाग पुरे व्हायला 2006 चा ऑगस्ट उजाडला. 1983 च्या जूनमधलं एक डोंगरातलं गाव, धरणाखाली जाता जाता वाचलेलं. दरवर्षी देवीच्या जत्रेच्या रात्री एक जण मरतो आणि एक नाहीसा होतो. चित्रांतले हात पुरणाचे उंडे असावेत तसे. पण लिहिणाऱ्यानं अशी काही पकड घेतली आहे की तासाभरानं ते हात दिसेनासे होतात. संध्याकाळच्या रातकिड्यांसारखा आवाज सतत चालू. "संगणकाचा पंखा बिघडलाय, माणूस बोलवा," असं सौ. आठवडाभर सांगत होती.

आणि मग 'डार्क वॉटर'. हाही नाकाताचाच, 2002 सालचा, मूळ कथा सुझुकींचीच. ह्यात विशेष काही घडतच नाही. घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जुन्या इमारतीत राहायला येते. छताला ओल येते. ती वाढते. गच्चीवर लहान मुलीची एक लाल पिशवी सापडते, फेकून दिली तरी परत येते. आई नोकरी शोधते, कोर्टात जाते, आणि बालवाडीत पोचायला तिला उशीर होतो. बाहेर पाऊस. सगळ्यांच्या आया येऊन गेलेल्या, आणि ही मुलगी एकटी. भूत कोण, तर अशीच एक मुलगी, पिवळ्या रेनकोटातली. तिला न्यायला कुणीच आलं नाही म्हणून ती एकटी घरी चालत गेली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडली. तिला सूड नको आहे. तिला आई हवी आहे.

इथे मला 1992 चा जुलै सांगितला पाहिजे. सौ. माहेरी, आईच्या आजारपणासाठी. कन्येला बालवाडीतून बारा वाजता आणायचं काम माझ्याकडे. मी अर्धी रजा टाकली होती, पण त्या दिवशी कॅश जुळेना. तेरा रुपयांचा फरक. तेरा रुपये शोधत मी पावणेदोनपर्यंत बसलो. स्कूटरवरून भिजत पोचलो तेव्हा शाळा बंद झाली होती. पायरीवर कन्या, गळ्यात पाण्याची बाटली, रेनकोटाची टोपी डोक्यावर, शेजारी वैतागलेल्या मावशी. ती रडली नाही. "सगळ्यांचे आले," एवढंच म्हणाली. मी वाटेत तिला तेरा रुपयांची हकीकत सांगितली आणि एक मोठी कॅडबरी घेऊन दिली. आईला सांगायचं नाही, असं ठरलं. तिनं कॅडबरी घेतली. दहीभात पोचला, प्रकरण मिटलं, असं मी समजलो.

पंधरा वर्षांनी आम्ही दोघं 'डार्क वॉटर' बघत होतो. बालवाडीचा प्रसंग आला. पडद्यावरची नजर न काढता कन्या म्हणाली, "तेरा रुपयांचा फरक होता ना?"

मी काय बोलणार! पुढे ती आई लिफ्टमध्ये त्या भुताला पोटाशी धरून, मीच तुझी आई, असं म्हणते, आणि स्वतःची मुलगी बाहेर रडत राहते, तिथे मला जोरदार सर्दी झाली. सौ.नं सुंठ उगाळून दिली.

आता कन्येला नोकरी आहे आणि नोकरीला मीटिंग. आठवड्यातून दोनदा तरी तिचा फोन येतो, "बाबा, मला उशीर होईल, ह्याला शाळेतून आणाल?" नातवाची शाळा साडेतीनला सुटते. मी पावणेतीनला फाटकाशी असतो. परवा शाळेच्या वॉचमननं आपली खुर्ची मला दिली आणि आपुलकीनं विचारलं, "आजोबा, घड्याळ दुरुस्तीला द्यायचंय का? माझ्या ओळखीचा एक आहे."